शेवटची सोळा पानं

भुसावळच्या कुंदाबाई वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवून देतात, त्यामुळे वाचकांचे वादही त्यांच्या कानावर येतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कादंबरीच्या अनुवादावरून तर दोन तट पडले होते. छळणाऱ्या नवऱ्याच्या आजारपणात परत जाणारी नायिका काहींना थोर वाटे, काहींना खुळी. ती मरते तेव्हा रडलो, हे मात्र सगळेच सांगत. ग्रंथपाल लीलाधरभाऊ तर दरवेळी सांगत.

यंदा त्या पुस्तकाची वाचनालयातली एकमेव प्रत शिवायला आली. शेवटची सोळा पानं छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली, न उघडलेली होती. नायिकेच्या मरणाचा उल्लेख प्रस्तावनेतच होता. कुंदाबाईंनी सुरीने कडा कापल्या आणि शिवण बाजूला ठेवून वाचत बसल्या.

पुस्तक परत देताना त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, ती मरते तेव्हा जवळ कोण असतं?"

लीलाधरभाऊंनी चष्मा पुसला आणि पुस्तकाची शेवटची पानं उघडली.