कॉफी बघायला चिखलदऱ्याला

भर पावसाळ्यात कर्जतची माणसं धबधबा बघायला सहाशे किलोमीटर गेली, हे आमच्या दहिवलीत कुणाला खरं वाटलं नाही. आमच्याकडे शनिवार-रविवारी मुंबईकर धबधब्याखाली उभं राहायला नंबर लावतात. आम्ही मात्र कल्याणहून बडनेरा, पुढे परतवाडा आणि घाट चढून चिखलदरा गाठलं. खरं कारण होतं तिथे पिकणारी कॉफी.

कुठलासा व्हिडिओ बघून नवऱ्याने ठरवलं होतं की पळसदरीच्या आमच्या दोन एकरांत भात बंद करायचा, कॉफी लावायची आणि शेजारी चार खोल्या बांधून पाहुण्यांना मळा दाखवायचा. त्याच जमिनीचा तांदूळ आम्ही वर्षभर खातो. तो मला सोडायचा नव्हता. भांडत बसण्यापेक्षा मी तिकिटं काढली आणि कॉफीवाल्याला विचारायच्या चौदा प्रश्नांची यादी केली. उत्तरं वाईट आली तर भात वाचणार, चांगली आली तर पुढच्या जूनपासून कॉफी.

पहिला दिवस धबधब्यांचा. धुकं, शांत गाव, कठड्यापाशी जेमतेम सहा माणसं. नवऱ्याला ही शांतता दहा मिनिटंही सोसली नाही. दर रविवारी घराजवळच्या ओढ्यावर करतो तेच त्याने इथेही सुरू केलं. "ओ ताई, मागं व्हा, शेवाळ हाय. ती बाटली तिथं नका टाकू."

बाईंनी निमूट बाटली उचलली. "गाईडचे किती घेता, भाऊ?"

"फुकट आहेत," मी म्हटलं. "घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बागवाल्याकडे गेलो. उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं, फांद्यांना हिरवी फळं. खुर्च्या आल्या, पाठोपाठ चहा आला. कॉफी नाही का, असं विचारलं तर म्हणाला, "आमाले चहाच लागते."

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं भलतीच चांगली आली. मी ती अगदी बारीक अक्षरात लिहिली. चौथा प्रश्न, जमीन कशी लागते?

"तुमची कशी हाये?" म्हाताऱ्याने विचारलं.

नवरा खुर्चीत पुढे सरकला. आमच्याकडे शेताचं कौतुक एकाच गोष्टीवरून होतं. "एक नंबर, काका. बांध असा घातलाय, चार महिने पाणी हालत नाय. शेजाऱ्याचं खाचर सुकतं, आमचं नाय."

म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. "मुळाशी पाणी उभं राह्यलं तं कॉफी सडते, भाऊ. हे सारं उतारावर कायले लावलं? एवढं चांगलं वावर हाये, मंग धानच लावा न."

नवरा माझ्याकडे वळला. "उत्तर तू का नाय दिलंस गं?"

"तुम्ही बोलू दिलंत का?" मी उरलेल्या दहा प्रश्नांवर एक रेघ मारली.

घाट उतरताना तो एकदाच म्हणाला, "बांध फोडला तर?"

तो बांध त्याने आणि सासऱ्यांनी मिळून घातलेला. अमरावती यायच्या आत तोच म्हणाला, "नाय. बांध नाय फोडायचा."

म्हाताऱ्याने दिलेली दोन रोपं माझ्या मांडीवर होती. एक वाटेतच गेलं. दुसरं आमच्या मागच्या दारी, फणसाखाली, जरा उतारावर जगलंय. रविवारी रस्ता चुकून कुणी मुंबईकर दारात आला की नवरा विचारतो, "कॉफीचा मळा बघायचाय?" पाहुण्याचा तो एका झाडाचा मळा बघून होईपर्यंत मी चहा टाकते.