लाल गालांची बातमी

आमच्या गल्लीत तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर अर्थात ताई. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत ती पाळणाघर चालवायची आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या आईला खालूनच ओरडून सांगायची, तुझ्या लेकाला आज दोनदा जुलाब झाले, भात पातळ कर. सगळ्या इमारतीला त्या लेकाच्या पोटाची खबर लागायची. बायका चिडायच्या, पण मुलं तिच्याकडेच ठेवायच्या. कारण मूल पडलं तर ती पडलं म्हणून सांगायची, आणि तिच्या हातून पडलं तर माझ्या हातून पडलं म्हणून सांगायची. मी दुसरी दोन पाळणाघरं पाहून आले होते. तिथे मुलं कधी पडतच नसत म्हणे.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू होती. मुलांचा चेंडू तिच्या पलंगाखाली गेला की ती काठीने बाहेर ढकलायची, तेवढाच तिचा व्यायाम. तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं हे सगळं तोफच करायची, वीस पोरांच्या कलकलाटात, जणू हे एकविसावं पोर.

माझा थोरला तिच्याकडे होता. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि चौथा महिना सरत आला, तेव्हा ही गोष्ट घडली.

पाळणाघरातल्या एका मुलीचे दोन्ही गाल एकाएकी लालबुंद झाले, कोणी थोबाडीत मारल्यासारखे. तोफेने तिला वेगळं बसवलं, तिच्या बापाला बोलावून घेतलं आणि सगळी खेळणी साबणाच्या पाण्यात बुडवली. कोणीही हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी तो बाप मुलांच्या डॉक्टरांचा निरोप घेऊन आला. मुलीला काही धोका नाही, विषाणूचा साधा आजार आहे, आपोआप जाईल. पण आता वेगळं बसवून फायदा नाही. गाल लाल होतात तोवर लागण पसरवायचे दिवस संपलेले असतात. आधी नुसती सर्दी वाटत होती, तेव्हाच तिने तो आजार वाटून टाकला. ज्या मुलांच्या घरी कोणी गरोदर असेल तिला मात्र कळवा, पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो.

ही गोष्ट तिने पोटात ठेवली असती तर कोणाला कळलं असतं? शेजारणीने तिला तसं सुचवलंही होतं, उगीच आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस म्हणून. तोफेने पदर खोचला आणि घरोघर निघाली. एरवी खालून गर्जना करणारी बाई त्या संध्याकाळी जिने चढून माझ्या दारात उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मी भडकले. तुम्ही पोरं सांभाळता की रोगराई, असं काहीबाही बोलले. माझे सांधे आठवडाभर दुखत होते, ते दुकानात वाकून बसल्यामुळे असं मी धरून चालले होते, आणि आता ते याच आजाराचं तर नसेल, असं वाटायला लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"शिव्या उद्या दे," ती म्हणाली. "आधी रक्त तपासून घे. नवरा गावात नाही ना तुझा? मी येते."

रक्तात लागण निघाली. ताजी.

आमच्या डॉक्टरीणबाई घाबरवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कागदावर पेनाने एक गोल काढला आणि सांगितलं, ही वार. हिच्यातून बाळाला आईकडून सगळं मिळतं, आणि बऱ्याच नको त्या गोष्टी ही अडवतेही. पण हा विषाणू वारेच्याच पेशींना चिकटतो आणि तिथून पलीकडे जाऊ शकतो. पलीकडे गेला, तर बाळाचं नवं रक्त जिथे तयार होतं तिथेच घाव घालतो. बाळ फिकं पडतं, त्याच्या हृदयावर ताण येतो, अंगात पाणी साठतं. बहुतेक बाळांना यातलं काहीच होत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. विषाणूवर औषध नाही. दर आठवड्याला सोनोग्राफी करायची आणि डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं.

इकडे पाळणाघरातली निम्म्याहून जास्त मुलं आयांनी काढून घेतली. खरं सांगितल्याचं हे बक्षीस. मला आजही त्या आयांचा राग येतो. तोफ म्हणायची, बरं झालं, आता तुझ्याबरोबर यायला वेळ मिळतो. उरलेल्या मुलांपाशी आपल्या बहिणीला बसवून ती दर आठवड्याला माझ्यासोबत सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची आणि मी दुपारी काय जेवले याची चौकशी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने करायची. नंबर लागला की आतही यायची. मी लाजेने चूर व्हायचे. पण ती शेजारी नसती तर मी त्या खोलीच्या दारातूनच पळून गेले असते, हेही तितकंच खरं.

बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या एका शिरेतलं रक्त किती जोरात धावतं ते डॉक्टरीणबाई मोजायच्या. रक्त पातळ झालं की जास्त जोरात पळतं. पहिले काही आठवडे सगळं ठीक होतं. मग एकदा त्या मोजून झाल्यावर पुन्हा मोजायला लागल्या. पडदा आमच्याकडे वळवून त्यांनी बाळाच्या पोटातली काळी कड दाखवली. ते पाणी होतं. वारही जाड झाली होती, सुजल्यासारखी. तोफ पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम उठून बाहेर गेली. एवढी दणकट बाई, पण काळीज कच्चं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात बाळाला रक्त दिलं. माझ्या पोटातून बारीक सुई आत गेली आणि पडद्यावर बघत बघत, नाळ वारेला जिथे जोडलेली असते तिथल्या शिरेत शिरली. चमच्या-चमच्याने द्यावं तसं ते रक्त सोडत होते. हलू नका, असं मला बजावलं होतं. तोफेने माझे दोन्ही खांदे धरून ठेवले होते. नवरा पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

पुढच्या तपासण्यांत शिरेतला वेग उतरत गेला, मग पोटातलं पाणीही ओसरलं. सगळं साफ आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी रडत होते आणि हसत होते. तोफ मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होती.

"बाई, एक विचारू?" ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. असंच फुगलेलं होतं. तेव्हाही मी लोकांची मुलंच सांभाळायचे. मी ओल्या चादरींच्या बादल्या गच्चीवर नेल्या म्हणून गेलं, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून बसले. खरं आहे का ते?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "तुमच्या बाळाला काय झालं होतं ते आज मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. हाच विषाणू असेल, दुसरं काही असेल. पण बादल्या उचलून बाळाच्या अंगात पाणी भरत नाही. एवढं नक्की सांगते."

तोफेने मान हलवली. परत येताना तिने रिक्षात माझा हात धरला होता.

मुलगी दिवस भरून झाली. आल्या आल्या तिने असा टाहो फोडला की नर्स हसली. दवाखान्यातून घरी येताना तोफ म्हणाली, आधी पाच मिनिटं माझ्याकडे चल. तिने बाळाला आतल्या खोलीत नेलं, सासूच्या पाठीशी उशी लावली आणि पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हिच्याही अंगात पाणी झालं होतं. आपल्या बाळाला झालं होतं तसंच. ते बादल्यांनी होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं."

म्हातारीने पोरीकडे पाहिलं. तिची बोटं दुपट्याच्या कडेवरून फिरत होती.

"मग मी तुला बादल्या घेऊन वर पाठवलं, त्याने नव्हतं गेलं बाळ?"

"नाही, आई. त्याने नव्हतं."

म्हातारीने खाली वाकून पोरीच्या कपाळाला कपाळ टेकवलं. तिचे खांदे हलायला लागले. तोफ पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी भुकेने कुरकुरत होती. मी तिला घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.