गाठी काढायच्या बाकी

कापडावरून तळहात फिरवताना अंकल डोळे मिटून घ्यायचे. नारपोलीतल्या आमच्या लूमच्या कारखान्यात विणून झालेलं कापड तपासायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मी तिथला कारकून. हाताला गाठ लागली की ते डोळे उघडत, चिमट्याने ती अलगद काढत आणि म्हणत, "माल पास हाय. गाठी काढायच्या बाकी हायत."

वीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. दारात टेम्पो खोळंबलेला, मी घायकुतीला आलेला आणि हे गृहस्थ एका गाठीपाशी अडलेले. मी चिडायचो. गिऱ्हाइकाच्या दारात जाताना कापड चांगलं दिसायला नको का, असं ते हसून विचारत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

कामगार त्यांना अंकल म्हणत, मीही. ते मूळचे वसईकडचे कॅथलिक, पण उभा जन्म इथे गेल्याने बोली इथलीच झालेली. बायको गेल्यावर त्यांच्या घरात तंटा सुरू झाला. दर महिन्याला तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे फादरांकडून प्रार्थनाविधी, ठेवायचा आणि कबरीवर मेणबत्ती लावायची, हा त्यांचा नेम. एकुलती एक मुलगी मात्र टेमघरच्या एका प्रार्थनासभेत जाऊ लागली होती. विश्वासाने मेलेला माणूस थेट प्रभूपाशी जातो, मधे पापं धुऊन निघेपर्यंत आत्म्याने सोसत थांबायचं शुद्धिस्थान म्हणून काही नसतंच, अशी तिथली शिकवण. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं म्हणजे क्रुसावरच्या प्रभूच्या बलिदानावर अविश्वास दाखवणं, असं ती म्हणे. कबरस्तानात पाऊल टाकायला ती तयार नव्हती.

एकदा ती डबा द्यायला कारखान्यात आली, तेव्हा माझ्यासमोरच विषय निघाला. अंकलनी टेबलावरच्या कापडावर हात ठेवला.

"तुझी आई पास हाय, मला शंका न्हाय. पण आपण सगळे गाठीवाले. त्या काढल्याबिगर देवासमोर कसं जायचं?"

"प्रभूने स्वतः धुतलंय, पप्पा. त्यात गाठ कशी राहील?" तिचा आवाज उद्धट नव्हता, डोळे भरले होते. "मम्मी अजून सोसतेय असं तुम्ही म्हणता, ते मला ऐकवत नाही."

मला दोघांचंही खरं वाटलं. आमच्याकडे पितृपक्षात भाताचं पान घेऊन मी गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभा राहतो. मी कुणाला काय शिकवणार?

ती गेल्यावर अंकलनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की बायको गेली त्या सकाळी चहा गार झाला म्हणून ते तिच्यावर ओरडून ड्युटीवर आले होते. माफी मागायची राहून गेली. मेणबत्तीमागे हेही होतं. मला फार वाईट वाटलं, आणि टेम्पोसाठी केलेली सगळी चिडचिड आठवली.

यंदा उन्हाळ्यात खोकल्याने त्यांना अंथरुणाला खिळवलं. मी भेटायला गेलो तेव्हा मुलगी त्यांचे पाय चेपत होती. ती पाणी आणायला उठली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"दोन नोव्हेंबरला आमच्या मेलेल्यांचा दिवस. माझी मेणबत्ती तू लाव. पोरीला जोर करू नको, तिचा विश्वास हाय."

मला तुमची प्रार्थना येत नाही, असं मी म्हणालो.

"नाव घे. पुरे."

पावसाळ्यात ते गेले. बायकोशेजारीच त्यांना पुरलं.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी मी गेलो आणि सवयीने कबरस्तानाच्या फाटकाशीच चपला काढल्या. बाकी सगळे चपला-बूट घालून फिरत होते, मी एकटा खडीवरून लंगडत चाललो. अंकल असते तर पोट धरून हसले असते. कबरीपाशी वाऱ्याने तीन काड्या विझल्या. चौथी पेटवली तेव्हा माझ्या हातापुढे दुसऱ्या कुणाच्या तरी ओंजळीचा आडोसा आला. मी मान वर केली. त्यांची मुलगी होती.

"मी प्रार्थना करत नाहीये, काका," ती म्हणाली. "वारा आहे, म्हणून."

मी अंकलचं नाव घेतलं. मेणबत्ती संपेपर्यंत तिने हात काढले नाहीत.