ऋण प्रबलनाचा चहा

आमच्या शेजारची सून मानसशास्त्राच्या परवाना परीक्षेचा अभ्यास मोठ्यानं करते. पुस्तक धरून अंगणात येरझाऱ्या घालते आणि प्रत्येक व्याख्येनंतर, समोर कुणी नसलं तरी, "बरोबर?" असं विचारते. काही कळत नसताना कुंपणाच्या या बाजूनं मी पुष्कळदा "बरोबर" म्हणालो आहे. हे माझ्या स्वभावात बसत नाही, पण ती थांबून राहते.

दोन वेळा ती नापास झाली. या वेळीही झाली, तर बारामतीच्या दवाखान्यात तिच्यासाठी ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला जाईल. ती हमखास अडते 'ऋण प्रबलन' या शब्दापाशी. तिला ती शिक्षाच वाटते.

परवा तिच्या सासूबाई, मूळच्या अंथुर्णे गावच्या, दारातून म्हणाल्या, "ऋण? कुणी काढलं? सोसायटीचं का ब्यांकेचं?"

"कर्ज न्हाय, आत्या," ती पुस्तकात बघत म्हणाली. "ऋण म्हणजे वजा. एखादी गोष्ट केल्यावर त्रास वजा झाला, की माणूस ती पुन्हा करतो."

"मग माझा कर की वजा. कान किटलं. ह्यो चा घे आन् गप बस."

कप ओठाशी नेता नेता ती थांबली. "आत्या, मी गप्प बसते म्हणून तुम्ही रोज चहा देता. हेच ते!"

"व्हय? मग उद्यापासनं चा बंद."

दुसऱ्या सकाळी मात्र तिनं पुस्तक उघडण्याआधीच कप समोर आला.

"त्रास सुरू व्हायच्या आधीच? आत्या, याला वेगळं नाव आहे," ती म्हणाली, आणि पान उलटून मोठ्यानं वाचू लागली.