जाळ्याचं शिसं

बंदरावर कोणी जाळ्याला शिसं ओवताना दिसला, की मला बाबलो आठवतो. कॉलेजात बॉक्सिंगच्या सर्वांत जड गटाचा विजेता मी. तो रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा मुलगा, माझ्यापेक्षा बारीक. मी त्याला 'तारलो', म्हणजे बारकी मासळी म्हणून चिडवायचो, म्हणूनच त्याला माझ्याशी लढायचं होतं. माझ्या गटासाठी त्याचं वजन दोन किलो कमी पडलं, तेव्हा त्याने चड्डीत शिसं लपवून काटा भरला.

"सांगू नको हां कोणाक," तो डोळा मारून मला म्हणाला. "तुका आडवो पाडतलंय!"

शिसं काढून तो रिंगणात उतरला आणि त्याने मला खरंच आडवं पाडलं. मी उठलो तो थेट खेळाच्या सरांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी त्याला बाद केलं.

"मी हलको होतंय, ह्यो माझो गुन्हो?" त्याने मलाच विचारलं.

घरातला पहिला पदवीधर मी, कुठेही ताठ मानेने बोलतो. तेव्हा मात्र मान खाली घालून विजेत्याची ढाल घरी घेऊन गेलो.