तिरका पडलेला फासा

गार्गी दहावीचं गणित घेऊन हॉलमध्ये सतरंजीवर बसली आहे. फासा एकदा टाकला तर सहा न पडण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न आहे.

"पाच छेद सहा," ती लगेच म्हणते. "म्हणजे बहुतेक नाहीच पडणार ना, आई?"

'बहुतेक' हा शब्द सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या बाबांच्या मानेवरची गाठ तपासायला पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, "बहुतेक साधीच असेल." रिपोर्ट आज फोनवर कळणार आहे. पाच बाजू आपल्या असल्या तरी मला मेली ती उरलेली एकच दिसते.

गार्गी ल्युडोचा फासा टाकून बघते. तो सतरंजीच्या सुरकुतीला टेकून तिरका राहतो, धड पाच नाही, धड सहा नाही.

"असा पडलेला धरत नाहीत," म्हणत ती हात पुढे करते.

"राहू दे तो!" मी ओरडते. ती दचकते. तिच्या पुस्तकात अशा फाशाला जागा नाही, पण आमचं घर दिवसभर तसंच टेकून उभं आहे.

आत फोन वाजतो. यांचा आवाज येतो, "हॅलो?"

मी फाशावर तळहात ठेवते आणि तो झाकून टाकते.