जायफळाची कॉफी अन् पायथ्याची जागा

थांबा, हे आधी सांगू द्या, न्हाईतर माझ्या पोटात राहायचं न्हाई! आताच ताटं उचलली, हात पुसले अन् लिहायला बसले... अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या.

मी असलं काही मानत न्हाई हं. सासऱ्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्यात अंगात येणं, उतारा-बितारा सगळं बंद. मी स्वतः मॅट्रिक झालेली. पण तरी...

आम्ही भोकरदनला राहतो, बाजाराच्या मागं, पत्र्याच्या दोन खोल्या. घरात आम्ही दोघंच. हे शाळेत मास्तर. उन्हाळ्यात शाळा सकाळची, म्हणून दुपारी जेवून हे उताणे पडतात. खिडकीला ओलं पोतं, खोलीत गार अंधार — अन् यांचं घोरणं! पण घोरता घोरता एकदम गप्प... श्वासच बंद. छाती हलत न्हाई. मी हलवलं की मोठ्ठा आचका देऊन परत सुरू. कुशीवर वळवा, परत उताणे. डॉक्टर म्हणले, "वजन उतरवा." ते काय एका दिवसात उतरतं?

मंग मी ठरवलं, दुपारभर जागायचं. हैदराबादचा माझा दादा कॉफीची पुडी देऊन गेल्ता — "पी, झोप बिलकुल उडती!" रोज दुधात कॉफी, वरून जायफळ उगाळून (त्याच्याबिगर कॉफी कशी?), अन् मी यांच्या उशाशी. पण खरं सांगू? कप खाली ठेवायच्या आत माझीच मान पडायची! डोळे उघडले की उन्हं उतरलेली, अन् हे उठून बसलेले, मजेत. मी लाजून कप उचलायची अन् मोरीकडं.

काल शेजारच्या मारवाडी काकी आल्त्या. एक घोट घेतला अन् हसत सुटल्या. "अगं बाई, जागायला जायफळ? माझ्या नातवाला झोपवायला मी हेच चाटवते!"

हे पण हसले. "काही म्हणा काकी, जागती बराबर. श्वास अडकला की पायाचा अंगठा धरती, मला झोपेत पण कळतं, अन् हळूच म्हणती... श्वास घ्या, घ्या."

मी? मी तर झोपलेली. दाराला आतून कडी...

काकी गेल्यावर हे आडवे झाले. मी नुसती कॉफी प्याले, बिनजायफळाची. कडू जहर, पण डोळे टक्क उघडे. श्वास थांबला. कोण येतं म्हणून मी पायथ्याकडं बघून राह्यले. पोत्याचं पाणी ठिबकत होतं... कुणीच आलं न्हाई. यांचे ओठ काळे पडायला लागले तशी मी किंचाळले, खांदे गदागदा हलवले. हे धापा टाकत उठले.

"अगं, आज किती जोरात! रोजच्यासारखं धरायचं ना..."

रात्रभर विचार केला. मी जागी असले की ते येत न्हाई. अन् मी एखाद्या दिवशी चुकणारच — ते आजपर्यंत चुकलं न्हाई.

म्हणून आज परत जायफळ उगाळून ठेवलंय. जरा जास्तच. पायथ्याची ट्रंक सरकवून तिथं एक पाट मांडलाय. कुणासाठी, ते मला म्हाईत न्हाई. यांना पण सांगितलं न्हाई.

तुमच्या घरी कुणाला असं झोपेतून उठवलंय का हो? अंगठा धरून, हळूच? लिहा ना, जल्दी लिहा... दूध वर येऊन राह्यलं, अन् आतून घोरणं सुरू झालंय.